पहिल्या तासाची भीती

इंग्रजीच्या वर्गात पहिल्या दिवशी खेळवले जाणारे ‘आइसब्रेकर’ भाषा शिकवणाऱ्यांनीच शोधले असावेत, असे सहज वाटते. इतिहास पाहिला तर त्यांचे मूळ मानसोपचारात आणि समूह-मानसशास्त्रात सापडते. भाषाशिक्षकांना त्यांची गरज फार काळ भासलीच नव्हती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्यांचा पहिला दिवस थेट वाक्यांच्या भाषांतराने सुरू होई. शेजारी कोण बसला आहे याच्याशी त्या पद्धतीला कर्तव्य नव्हते. बर्लिट्झने १८७८ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स इथे भाषा शिकवणारी शाळा काढली. तिच्यातून रूढ झालेल्या पद्धतीत पहिल्या तासापासून बोलणे होते खरे, पण ते पेन्सिल, पुस्तक, खिडकी यांविषयी. आता कोणी म्हणेल, ‘व्हॉट इज युअर नेम?’ हा तर पहिल्या दिवसाचा जुनाच धडा आहे. आहेच, पण ते नाव हजेरीपटावर असते आणि साऱ्या वर्गाला ठाऊक असते. तिथे घोटून घ्यायचे असते ते वाक्य.

अनोळखी माणसांना आधी एकमेकांशी मोकळे करायचे, ही रीत आली मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनच्या वर्तुळातून. १९४६ च्या कनेटिकटमधल्या कार्यशाळेनंतर आणि १९४७ पासून बेथेल इथे भरलेल्या शिबिरांतून समूह-प्रशिक्षणाची लाट उठली. तिचे पाणी भाषावर्गात शिरले ते सत्तरच्या दशकाच्या आसपास. चार्ल्स करन हे धर्मगुरू आणि मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या वर्गात शिकणारे गोल बसत. ज्याला बोलायचे असेल तो मागे उभ्या असलेल्या शिक्षकाला आपल्या भाषेत हळूच सांगे, शिक्षक त्याचे भाषांतर कानात पुटपुटे आणि मग तो ते मोठ्याने म्हणे. हा जवळजवळ समुपदेशकाचाच कक्ष झाला. बल्गेरियाचे लोझानोव्ह हे मानसोपचारतज्ज्ञ तर शिकणाऱ्याला सुरुवातीलाच नवे नाव आणि नवा व्यवसाय देऊन टाकत, म्हणजे चूक झालीच तर ती त्या सोंगाची! गर्ट्रूड मॉस्कोविट्झ यांनी १९७८ च्या पुस्तकात स्वतःविषयी बोलायला लावणाऱ्या अशा खेळांचा मोठा संग्रहच दिला. या सगळ्यांच्या लेखी व्याकरणाआधी भीतीचा बंदोबस्त हवा होता.

मूळ कुठले हे कळून काय साधते, खेळ उपयोगी पडला की झाले, असा आक्षेप येईल. पण उपयोग मुळाशीच बांधलेला आहे. या पद्धती लहान गटांसाठी आणि मुख्यतः प्रौढांसाठी बेतलेल्या होत्या. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आले. एका वाडीतली, एका अंगणवाडीतून आलेली पोरे वर्गात एकमेकांची काय ओळख करून घेणार? भीती असते ती इंग्रजीची. शाळांत इंग्रजी शिकवण्याच्या बंगळूर प्रकल्पात (१९७९–८४) एन. एस. प्रभूंनी गटचर्चा जवळपास टाळलीच. आगगाडीचे वेळापत्रक किंवा नकाशा समोर ठेवून ते सगळ्या वर्गाला कोडे घालत. स्वतःचे मत मांडण्यापेक्षा ठरावीक उत्तर तर्काने शोधणे बुजऱ्या मुलाला सुरक्षित वाटते, हे त्यांचे निरीक्षण मला मॉस्कोविट्झच्या खेळांपेक्षा आपल्या वर्गांना जवळचे वाटते. मात्र नोकरीसाठी संध्याकाळच्या ‘स्पोकन इंग्लिश’च्या क्लासला येणाऱ्या, एकमेकांना कधीही न पाहिलेल्या प्रौढांना हा निष्कर्ष लागू पडत नाही. ते करनच्याच विद्यार्थ्यांचे भाऊबंद. त्यांच्यासाठी पहिला तास ओळखीत गेला तर तो वाया गेला असे म्हणता येणार नाही.