चर की बांध?

इंग्रजीतले ‘डिच’ आणि ‘डाइक’ हे शब्द मी बरीच वर्षे परस्परविरुद्ध समजत होतो. डिच म्हणजे चर, डाइक म्हणजे बांध. प्रत्यक्षात दोन्ही जुन्या इंग्रजीतल्या ‘डीक’ या एकाच शब्दातून आले. दक्षिण इंग्लंडात त्यातल्या ‘क’चा ‘च’ झाला. उत्तरेत नॉर्स भाषकांच्या सहवासात ‘क’ टिकला.

मग अर्थ उलटे का? चर खणणाऱ्या शेतकऱ्याला हा प्रश्न पडणार नाही. उपसलेली माती कडेला पडते आणि चराबरोबर बांधही तयार होतो. काम एकच, कुणी खड्ड्याला नाव दिले, कुणी ढिगाला. वेल्सच्या सीमेवरचा, आठव्या शतकातल्या ऑफा राजाच्या नावाचा ‘डाइक’ दोन्ही आहे: मातीचा बांध आणि त्याच्या वेल्सकडच्या अंगाला चर. स्कॉटलंडात डाइक म्हणजे दगडी गडगा. ‘मोट’ या शब्दाचा प्रवास तर याहून गमतीचा. जुन्या फ्रेंचमध्ये ते टेकाड होते, इंग्रजीत किल्ल्याभोवतीचा खंदक झाले.

यातल्या ‘डिच’शी आपलाही संबंध आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात शिरली. धास्तावलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती चर खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाल्यावर काम थांबले. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. चराचे नाव मात्र ‘मराठा डिच’ पडले आणि तिथल्या इंग्रजांना ‘डिचर’ हे टोपणनाव चिकटले. १७९९ मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून सर्क्युलर रोड बांधला गेला.

ही मोहीम मी लहानपणापासून पराक्रम म्हणून वाचत आलो. बंगालीत ‘बर्गी’ची भीती घालणारे अंगाईगीत आहे आणि तो बर्गी म्हणजे आपला बारगीर, हे फार उशिरा कळले. त्या दिवशी वाचन पुढे सरकले नाही.

त्या चराची माती शहराच्या बाजूला टाकून उंच रस्ता केला होता. आतल्या माणसाला तो रस्ता दिसे, बाहेरच्या घोडेस्वाराला खंदक दिसला असता. मी आजवर घोड्यावरूनच पाहत होतो.