शिरोड्याचे मीठ

मीठ आणि सरकार यांचा झगडा म्हटला की दांडीचे नाव ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्याच किनाऱ्यावर, वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे गावी, १२ मे १९३० रोजी जो सत्याग्रह झाला, त्याची आठवण आपल्या घरांतून पुसट होत चालली आहे. त्या प्रसंगास लवकरच शंभर वर्षे पूर्ण होतील. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत ज्ञातिबांधवांपुढे तो इतिहास थोडक्यात मांडावा, आणि त्यातून आपल्या समाजाने कोणता बोध घ्यावा याचाही विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम करासंबंधी. मिठावरील कर ही इंग्रजांच्या राज्यातील जुनी बाब होती, आणि तिच्याविरुद्धची तक्रारही तितकीच जुनी होती. १८४४ साली मुंबई इलाख्यात मणामागे आठ आण्यांचा कर एकदम एक रुपया केला, तेव्हा सुरतेच्या लोकांनी मोठा दंगा केला व सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. पुढे कर वाढत वाढत १८८८ साली अडीच रुपये झाला, १९०७ साली एक रुपयापर्यंत उतरला, १९१६ साली सव्वा रुपया झाला. १९२३ साली मध्यवर्ती कायदेमंडळाचा विरोध असताही व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकारात तो पुन्हा अडीच रुपये केला. पण लोकक्षोभामुळे पुढील वर्षीच तो सव्वा रुपयावर आणणे भाग पडले. चाळीस शेरांच्या मणास सव्वा रुपया म्हणजे शेरामागे अर्धा आणा. श्रीमंतास ही रक्कम जाणवतही नसे. परंतु मीठ गरिबासही श्रीमंताइतकेच लागते, किंबहुना अंगमेहनत करणाऱ्यास अधिकच लागते. ज्याच्या ताटात पेज आणि मीठ याखेरीज फारसे काही नाही, त्याच्यावरच हा कर खरा बसत होता.

किनाऱ्यावर तर या कराचा जाच दुहेरी होता. आपल्याकडे मीठ हे केवळ खाण्याचे नव्हे, तर धंद्याचेही साधन. बांगडा, तारली उदंड मिळाली की ती खारवल्यावाचून टिकत नाही. सरकारने मासळी खारवण्यासाठी आपल्या देखरेखीखालील आवारांत बिनकराचे मीठ देण्याची सोय केली होती खरी. परंतु ते मीठ आवाराच्या आतच वापरावयाचे, बाहेर न्यावयाचे नाही. समुद्र दारात, ऊन डोक्यावर, खडकांच्या खळग्यांत आपोआप साचलेले मीठ डोळ्यांसमोर. आणि ते मूठभर उचलले तरी गुन्हा! कायद्याची अशी विचित्र मूर्ती किनाऱ्यावरील माणसास जशी रोज दिसत असे, तशी ती इतरांस दिसणे कठीण होते.

शिरोड्याचे स्थानही लक्षात घेण्याजोगे आहे. वेंगुर्ले १८१२ साली सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले, तेव्हापासून हा चिंचोळा मुलूख खालसा झाला. जवळच सावंतवाडी संस्थान, आणि दक्षिणेस तेरेखोलच्या खाडीपलीकडे पोर्तुगीजांचा गोवा. गोव्याचे मीठ इकडे येऊन कर बुडू नये, यासाठी इंग्रजांनी १८७८ साली पोर्तुगीजांशी तह करून गोव्याच्या मिठागरांवरही आपला ताबा बसविला होता. तो तह १८९२ साली संपला. एका शेर मिठासाठी दोन साम्राज्यांनी करारमदार करावे, यावरूनच या कराचे महत्त्व सरकारच्या दृष्टीने किती होते हे कळून येईल.

६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीस मीठ उचलले आणि देशभर कायदेभंग सुरू झाला. ५ मे रोजी त्यांना पकडून येरवड्यास नेले. चळवळ थंडावेल ही सरकारची अटकळ खोटी ठरली. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी आपल्या प्रांताच्या सत्याग्रहासाठी शिरोड्याची मिठागरे निवडली. आचार्य जावडेकर, आचार्य भागवत यांच्यासारख्या विद्वानांचा त्याच्याशी निकट संबंध होता. देशावरून घाट उतरून आलेले कितीतरी तरुण समुद्र प्रथमच पाहत होते.

मे महिन्याचीही एक अडचण होती. मिठागराचे काम उन्हावर चालते. भरतीचे पाणी बांधाआड घ्यावयाचे, वाफ्यावाफ्यांतून फिरवून आटवावयाचे, आणि मग तळाशी बसलेले दाणे ओढून बांधावर रास घालावयाची. मृग बरसला की सारे संपले. म्हणजे सत्याग्रहास हाती दिवस थोडेच होते. १२ मे रोजी सत्याग्रहींच्या तुकड्या मिठागरांत शिरल्या व मीठ उचलू लागल्या. पोलिसांनी लाठ्या चालविल्या, अनेकांस पकडले. परंतु उलट हात कोणी उगारला नाही. पावसाळा आल्यावर हीच चळवळ जंगलाकडे वळली, आणि सप्टेंबरात बिळाशी व चिरनेर येथे जंगलच्या कायद्यावरून लोक व सरकार समोरासमोर ठाकले. चिरनेरास २५ सप्टेंबर रोजी गोळीबार होऊन माणसे मेली.

मग मिळाले काय, असे कोणी विचारील. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात कर रद्द झाला नाही. मात्र जेथे मीठ होते तेथील रहिवाशांना घरच्या वापरापुरते व गावातल्या गावात विकण्यापुरते मीठ गोळा करण्याची वा तयार करण्याची मुभा मिळाली. खेड्यातील माणसाच्या दृष्टीने हे थोडे नव्हते. संपूर्ण कर उठला तो १ एप्रिल १९४७ पासून, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. सतरा वर्षे वाट पाहावी लागली, हे विसरता येत नाही. पण ज्या कराचे समर्थन सरकारलाही पुढे जड जाऊ लागले, त्याचे पाप लोकांपुढे उघडे केले ते १९३० नेच.

आता ज्याच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, तो मुद्दा. ज्ञातीच्या स्मरणिकेत अशा विषयावर लिहिताना आपल्या ज्ञातीची किती माणसे तेथे होती हे मोजण्याचा मोह होतो. तो मोह समजण्यासारखा आहे. आपल्या पूर्वजांचे स्मरण ठेवणे हे कर्तव्यच आहे. परंतु शिरोड्याच्या मिठागरात उतरलेल्यांनी एकमेकांस ज्ञात विचारली नाही, आणि लाठीनेही ती विचारली नाही.

याच जिल्ह्याचे म्हणून मानले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन यांचे उदाहरण पाहावे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. जन्माने ब्राह्मण असलेल्या कैद्यास ते काम देण्याचे अधिकाऱ्यांनी नाकारले, कारण तुरुंगातही कामे जातीवरून ठरत. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले; त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरात गांधीजींनी येरवड्यास उपवास आरंभिला, तेव्हा सरकारला विचार करणे भाग पडले. सरकारशी झगडणे एक वेळ सोपे. आपल्याच घरातील रूढीशी झगडणे त्याहून कठीण. अप्पासाहेबांनी दोन्ही केले, आणि पुढे कणकवलीस गोपुरी आश्रम उभारून १९७१ साली मृत्यू येईपर्यंत ते व्रत चालविले.

तेव्हा आमची ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती एवढीच की, आपल्या घरी त्या काळची पत्रे, छायाचित्रे, शिक्षेचे कागद वा वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या हकीकती असतील तर त्या लिहून काढाव्यात. ऐकीव असेल ते ऐकीव म्हणून लिहावे, कागद असेल तेथे कागद जपावा; पुराव्यावाचून कोणाच्या नावापुढे तुरुंगवास जोडू नये. आणि त्या नोंदीत शेजारच्या वाडीतील, दुसऱ्या ज्ञातीतील ज्या माणसाने आपल्या आजोबांच्या खांद्यास खांदा लावला असेल, त्याचेही नाव अवश्य घालावे. ज्यांनी सर्वांच्या ताटातील मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, त्यांच्या स्मरणात पंक्तिभेद करणे आपणांस शोभणार नाही.