घरात कुत्र्याचं पिल्लू आलंय? त्याला शिकवताना नेमकं कुठे चुकतं?

खामगाव असो, चिखली असो की मेहकर, पिल्लू घरी येण्याची गोष्ट साधारण सारखीच असते. मुलांनी हट्ट धरलेला असतो, कुणाच्या तरी ओळखीतून पिल्लू मिळतं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून दुचाकीवरून घरी येतं. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसवर त्याचेच फोटो. पहिल्या रात्री ते रडतं आणि सगळं घर जागं. आठवडाभरात दोन चपला, सोफ्याचा कोपरा आणि आजीच्या साडीचा पदर कुरतडून होतो. मग घरात कुणीतरी म्हणतं, "याला ट्रेनिंग द्यायला पाहिजे."

इथून व्हिडीओ बघणं सुरू होतं. अडचण अशी की त्यातले बरेच व्हिडीओ बंद फ्लॅट, दोन माणसं आणि थंड हवा धरून बनवलेले असतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या घराचं दार दिवसभर उघडं असतं, घरात पाच-सात माणसं असतात, गल्लीत मोकाट कुत्री असतात आणि मे महिन्यात घाटाखाली पारा सहज ४० अंशांच्या वर जातो. मग इथे पिल्लाला शिकवायचं कसं?

सुरुवात पिल्लू आणायच्या आधीच होते

कुत्रा-प्रजनन आणि विक्रीसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये नियम केले. त्यानुसार ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. हा आकडा उगाच ठरवलेला नाही. भावंडांसोबत खेळताना एकाने जोरात चावा घेतला की दुसरं ओरडतं आणि खेळ थांबतं. आईही वेळप्रसंगी गुरकावते. किती जोरात चावायचं, याचा पहिला धडा पिल्लाला तिथे मिळतो. महिन्याभराचंच पिल्लू उचलून आणलं, तर हा धडा अर्धवट राहतो आणि मग तो माणसांच्या हातापायांवर गिरवला जातो. "लहानपणी आणलं की जास्त लळा लागतो" हा समज त्यामुळे महागात पडतो.

एक पिल्लू, पाच मालक

पिल्लू हट्टी आहे, अशी तक्रार बहुतेक घरांत ऐकू येते. पण घरातलेच शब्द ऐकून बघा. मुलगा म्हणतो "सिट", आई म्हणते "खाली बस", बाबा नुसती चुटकी वाजवतात. आजोबा "यू यू" करून बोलावतात आणि जवळ आलं की आजी "हाड!" म्हणते. आत्या आली की तिच्या ताटातली पोळी मिळते, तेच ताटाजवळ गेल्यावर बाबांकडून फटका मिळतो. पिल्लाला मराठी कळत नाही आणि इंग्रजीही नाही. त्याला एक ठरावीक आवाज आणि त्यानंतर काय घडतं, एवढंच कळतं. आवाज पाच असतील आणि घडणाऱ्या गोष्टीही पाच असतील, तर ते काय शिकणार?

पोलिसांच्या श्वान पथकाकडे बघितलं तर फरक लक्षात येतो. तिथे कुत्र्याला ठरलेले हॅण्डलर असतात, ठरलेले शब्द असतात आणि काम बरोबर केलं की लगेच शाबासकी किंवा आवडता चेंडू मिळतो. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी स्फोटकं हुंगून काढणारा 'जंजीर' हा लॅब्रेडॉर पुण्यातल्या राज्य पोलिसांच्या केंद्रातच शिकला होता. घरातल्या पिल्लाला आरडीएक्स शोधायचं नाही, पण शिकण्याची पद्धत तीच असते.

म्हणून पहिला कागद पिल्लासाठी नाही, माणसांसाठी. "ये", "बस", "थांब", "सोड" असे चार-पाच शब्द ठरवायचे आणि ते फ्रिजवर चिकटवायचे. पलंगावर चढू द्यायचं की नाही, ताटातलं द्यायचं की नाही, हेही एकदाच ठरवायचं. घरातल्या सगळ्यांत मायाळू माणसाला हे पटवणं हाच ट्रेनिंगचा सर्वांत अवघड भाग असतो, पिल्लू त्या मानाने सोपं.

शिकवणी एका वेळी ५ मिनिटांपेक्षा जास्त लांबवू नये, दिवसातून तीन-चार वेळा पुरे. पिल्लं दिवसाचे १८ ते २० तास झोपतात. दिवसभर पाहुण्यांनी आणि मुलांनी उचलून घेतलेलं पिल्लू संध्याकाळी सैरावैरा पळतं आणि चावत सुटतं, तेव्हा ते अनेकदा फक्त झोपेला आलेलं असतं.

शू-शीचा प्रश्न

मूत्राशयावर ताबा यायला वेळ लागतो. ढोबळ हिशोब असा की पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवून जितके तास होतात, त्याहून जास्त वेळ ते थांबू शकत नाही. म्हणजे २ महिन्यांचं पिल्लू फार तर ३ तास. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला अंगणातल्या एकाच जागी न्यायचं आणि काम झालं की तिथेच, त्याच क्षणी शाबासकी द्यायची. घरात येऊन दिलेली शाबासकी ही घरात आल्याची शाबासकी ठरते.

घरात झालेल्या शूवर नाक घासणं ही आपल्याकडची जुनी रीत. त्यातून पिल्लू "घरात करू नये" असं शिकत नाही, "माणसासमोर करू नये" असं शिकतं. मग ते कपाटामागे जाऊन करतं आणि अंगणात नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही. फरशी नुसती पुसून वास जात नाही आणि वास राहिला की पिल्लू पुन्हा तिथेच येतं. साबणाच्या पाण्याने धुऊन वर पाणी मिसळलेलं व्हिनेगर फिरवलं तर वास बराच कमी होतो. ओल्या फिनाइलवर पिल्लाला चालू देऊ नये, कारण ते पाय चाटतं.

"लहान आहे, काही होत नाही"

या लेखातली सर्वांत गंभीर गोष्ट ही आहे. पिल्लाचे २८ दुधाचे दात सुईसारखे टोकदार असतात. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू दिसेल ते चावतं. त्यात राग नसतो. हात बाजूला घ्यायचा, खेळ काही सेकंद थांबवायचा आणि तोंडात दोरी किंवा ओल्या फडक्याची गाठ द्यायची. तोंडावर मारलं तर हात जवळ आला की ते आणखी जोरात चावायला शिकतं.

पण त्या टोकदार दातांनी रक्त निघालं तर? अनेक घरांत हळद किंवा चुना लावून विषय संपवला जातो. पिल्लाला रेबीजची लस साधारण ३ महिन्यांचं झाल्यावर देतात. तोवर ते सुरक्षित आहे असं धरून चालता येत नाही, विशेषतः त्याची आई कोण, तिला लस दिली होती का, हे माहीत नसेल तर. रेबीज पिल्लालाही होतो. आणि माणसात लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळपास नेहमीच जीव घेतो.

चावा किंवा ओरखडा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण अंदाजाने १५ मिनिटं दोन मिनिटांतच संपतात. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायचं. लस किती आणि कधी घ्यायची, जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिन लागेल का, हे डॉक्टर ठरवतात. मुलं मार बसेल किंवा पिल्लू घरातून जाईल या भीतीने चावा लपवतात. त्यामुळे चावलं तर सांगायचं आणि कुणी रागावणार नाही, हे पिल्लू घरात आलं त्याच दिवशी मुलांना सांगून ठेवावं.

लस होईपर्यंत घरातच ठेवायचं का?

इथे दोन बरोबर सल्ले एकमेकांना भिडतात. पशुवैद्यक सांगतात, लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका, कारण पार्व्होसारखा विषाणू पिल्लाचा जीव घेऊ शकतो. या लसी ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात. दुसरीकडे, पिल्लाच्या मनाची दारं सर्वांत जास्त उघडी असतात ती साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या काळात. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वर्तनावर अनेक वर्षं प्रयोग करून १९६५ मध्ये पुस्तक लिहिलं, तेव्हापासून हा काळ महत्त्वाचा मानला जातो. तेव्हा जे ओळखीचं झालं नाही, ते पुढे भीतीचं होतं. म्हणजे लसींची वाट बघत घरात कोंडलं, तर ती मुदत टळून जाते.

मधला मार्ग म्हणजे पिल्लाला दाखवायचं सगळं, पण जमिनीवर सोडायचं नाही. पहिली लस आणि जंताचं औषध होऊन आठवडा झाला की त्याला कडेवर किंवा टोपलीत घेऊन फिरवा. एसटीचा हॉर्न, ट्रॅक्टर, बाजारातली गर्दी, टोपी घातलेले आजोबा, काठी टेकत चालणारा माणूस, प्रेशर कुकरची शिट्टी. पोळ्याची मिरवणूक आणि ढोल-ताशे लांबून दाखवा, सोबत काहीतरी खाऊ द्या. बैलाच्या पायात मात्र सोडू नका. ज्या पिल्लाने पोळा लांबून आणि मजेत ऐकला, त्याला दिवाळी थोडी सोपी जाण्याची शक्यता असते.

जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत जवळचा दवाखाना म्हणजे गुरांचा दवाखाना. तिथे कुत्र्याच्या लसी आहेत का, हे आधी विचारून जावं. अवघड आजारात घाटाखालच्या लोकांना अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जवळ पडते.

घाटाखालचं ऊन

बुलढाणा शहर घाटावर असल्याने तिथे संध्याकाळी वारा तरी सुटतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावकडे उन्हाळ्यात तेवढीही सोय नसते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतं. उन्हाळ्यात शिकवणी सकाळी ७ च्या आत किंवा अंधार पडल्यावरच. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू ५ ते ७ सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर पिल्लाच्या तळव्यांनाही सोसणार नाही. दुपारी "ऐकत नाही" असं वाटणारं पिल्लू अनेकदा उकाड्याने हैराण झालेलं असतं. दाट केसांचं हस्की घाटाखाली आणणं तर कुत्र्यावर अन्यायच आहे.

बक्षीस म्हणून काय द्यायचं, हा प्रश्न शाकाहारी घरांत हमखास येतो. पनीरचा शेंगदाण्याएवढा तुकडा, उकडलेलं गाजर, भाजलेली पोळी चालते. चिवड्यातले मनुके, द्राक्षं, चॉकलेट आणि कांदा-लसूण घातलेली भाजी किंवा पिठलं देऊ नये. हे कुत्र्यासाठी विषारी ठरू शकतं. वाटीभर दुधानेही बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात आणि मग शू-शीची सगळी शिकवणी पुन्हा पहिल्यापासून.

शेतावरचं पिल्लू

रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला अनेक शेतकरी पिल्लू आणतात. बांधून ठेवलं की ते तापट होतं आणि चांगली राखण करतं, असा समज आहे. प्रत्यक्षात दिवसभर साखळीला असलेलं पिल्लू घाबरट होतं आणि घाबरट कुत्रा मालकाच्या मुलालाही चावू शकतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हाही गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. त्या काळात ही रक्कम मोठी असेल, आज एका साखळीचीही किंमत त्याहून जास्त आहे.

ज्ञानगंगा अभयारण्य आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांजवळच्या शेतांत आणखी एक धोका असतो. तिथे बिबटे आहेत आणि कुत्रा हे त्यांचं सोपं भक्ष्य. रात्री उघड्यावर बांधलेल्या पिल्लाला पळताही येत नाही. त्याला रात्री दाराआड किंवा जाळीच्या खोलीत घेणं हे राखणीपेक्षा महत्त्वाचं. पिल्लू डुकरामागे पळून जाऊ नये म्हणून शिकवायचा शब्द एकच, "ये". आल्यावर कधीही मारायचं नाही, अगदी त्याने कोंबडी धरली असली तरी. आल्यावर मार मिळतो हे एकदा कळलं की ते पुढच्या वेळी येत नाही.

सहा महिन्यांनंतर

जूनमध्ये आणलेलं पिल्लू दिवाळीच्या सुमारास सहा-सात महिन्यांचं होतं आणि सगळं विसरल्यासारखं वागू लागतं. "ये" म्हटलं की बघतं आणि उलट दिशेला जातं. हे वयात येणं आहे. साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत असे चढउतार चालतात. याच टप्प्यावर अनेक कुत्री "कुणाच्या तरी शेतावर" पोहोचवली जातात किंवा हायवेच्या ढाब्याजवळ सोडली जातात. कुत्र्याला असं वाऱ्यावर सोडणं हाही १९६० च्याच कायद्याखाली गुन्हा आहे. आणि पाळलेल्या कुत्र्याबाबत निष्काळजीपणा केल्याने माणसाला इजा होण्याचा धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

या काळात नवीन काही शिकवायची घाई नको. पिल्लाला लांब दोरीवर ठेवायचं आणि जुने चार शब्द पुन्हा खाऊ देऊन पक्के करायचे. नर-मादीच्या नसबंदीबद्दल पशुवैद्यकाशी बोलायची वेळही हीच. आणि फ्रिजवरचा कागद एकदा बघून घ्यायचा. तोवर "बस"चं पुन्हा "सिट" झालेलं असतं.