स्वस्त विमानसेवेचा परदेशी पल्ला
भारतातील अल्पदरी विमान कंपन्यांना परदेशी आकाशापासून प्रथम रोखले ते सरकारी नियमाने. पाच वर्षांची देशांतर्गत सेवा आणि ताफ्यात २० विमाने ही अट २०१६ पर्यंत लागू होती. परिणामी २००५ मध्ये सुरू झालेल्या स्पाइसजेटचे पहिले परदेशी उड्डाण २०१० मध्ये झाले, तर २००६ च्या इंडिगोला २०११ उजाडेपर्यंत थांबावे लागले. सरकारी मालकीच्या एअर इंडिया एक्सप्रेसला मात्र २००५ मध्ये जन्मतःच आखाताचा मार्ग मोकळा होता. पुढे पाच वर्षांची अट गेली, विमानांची राहिली.

खरी अडचण अंतराची आहे. एकाच जातीची अरुंद विमाने हा स्वस्ताईचा पाया. सुटे भाग, देखभाल, वैमानिकांचे प्रशिक्षण, सारे एकाच साच्याचे! पण या विमानांचा पल्ला बेताचा. पाकिस्तानची हवाई हद्द बंद असतानाच मार्च २०१९ मध्ये इंडिगोची दिल्ली-इस्तंबूल सेवा सुरू झाली आणि विमानांना इंधनासाठी दोहा येथे उतरावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये हद्द पुन्हा बंद होताच अल्माटी व ताश्कंदची उड्डाणे स्थगित झाली. वळसा आवाक्याबाहेरचा होता.

कंपनीने २०२४ मध्ये ३० रुंद ए-३५० विमानांची मागणी नोंदविली. जुलै २०२५ मध्ये भाड्याच्या बोईंग ७८७ विमानांनी मुंबईहून मँचेस्टर आणि अ‍ॅमस्टरडॅम गाठले. तिकिटात गरम जेवण आले. एका जातीच्या ताफ्याची काटकसर गेली. युरोपातील नॉर्वेजियन कंपनीने अशीच लांब पल्ल्याची स्वस्त सेवा २०१३ मध्ये सुरू केली होती. जानेवारी २०२१ मध्ये तिने ती गुंडाळली.