पुठ्ठ्याचं कोलोसियम आणि 80 दारं

रोमचं कोलोसियम पुठ्ठ्यात करायचं म्हटलं तर आधी गणित. इमारत 188 मीटर लांब, 156 मीटर रुंद, 48 मीटर उंच. 1:500 प्रमाण धरलं की 37.6 सेंमी, 31.2 सेंमी आणि साडेनऊच्या जरा वर. टीपॉयवर मावतं. आकार मात्र गोल नाही, लंबवर्तुळ आहे. त्यासाठी 21 सेंमी अंतरावर दोन टाचण्या रोवल्या, त्यांना 37.6 सेंमीचा दोरा बांधला आणि तो ताणून पेन्सिल फिरवली.

घाम काढला तो कमानींनी. खालच्या तिन्ही मजल्यांवर प्रत्येकी 80. म्हणजे 108 सेंमीची पट्टी, दर साडेतेरा मिलिमीटरला एक कमान, अशा 240. कटरची तीन पाती गेली.

कापता कापता लक्षात येतं की तळमजल्याच्या कमानी शोभेच्या नाहीत, ती दारं आहेत. 80 पैकी 76 दारांवर आकडे कोरलेले होते. 23 ते 54 अजून वाचता येतात. ज्याने त्याने आपल्या आकड्याच्या दाराने आत जायचं, ठरलेला जिना चढायचा. पन्नासेक हजार माणूस आत यायचं आणि तसंच बाहेर पडायचं. मी इतक्या वर्षांत कितीतरी सभांचे मांडव पाहिले. आत यायची कमान फुलांची असते. बाहेर जायची वाट विचारली की कार्यकर्ता बांबूंच्या फटीकडे बोट दाखवतो.

रोमनांना तरी हे शहाणपण जन्मतः कुठे होतं? इ.स. 27 मध्ये रोमजवळच्या फिडेने गावात अटिलियस नावाच्या माणसाने लाकडी प्रेक्षागृह उभारलं. धंदा पैशाचा. पाया कच्चा, सांधे ढिले. खेळ बघायला रोमहून झुंड लोटली आणि सगळा डोलारा कोसळला. इतिहासकार टॅसिटस मेलेले आणि जखमी मिळून 50 हजार सांगतो, सुटोनियस मृतच 20 हजारांवर सांगतो. आकडा कुठलाही धरा, पुढे काय झालं ते महत्त्वाचं. अटिलियस हद्दपार झाला. सिनेटने ठराव केला: 4 लाख सेस्टर्सपेक्षा कमी मालमत्ता असलेल्याने असे खेळ भरवायचे नाहीत, आणि जमीन पक्की आहे हे तपासल्याशिवाय प्रेक्षागृह बांधायचं नाही. नुसती चौकशी समिती नेमून विषय मिटवला नाही, एवढं तरी मान्य करावं लागेल.

चाळीसेक वर्षांनी व्हेस्पेसियन बादशहाने कोलोसियम काढलं ते नेरोच्या खाजगी तळ्याच्या जागी. आग लागल्यावर नेरोने शहराच्या मधोमध बळकावलेली ती जमीन. पैसा जेरुसलेमच्या लुटीचा, हेही विसरू नये. पण तळ्याची ओली जमीन म्हणून खाली सुमारे 12 मीटर खोल काँक्रीटचा पाया भरला. वर काय चालायचं ते रक्तरंजितच, पण बांधणाऱ्याने जमीन तपासली होती. इ.स. 80 मध्ये टायटसने उद्घाटन केलं.

1:500 मध्ये तो पाया 2.4 सेंमीचा होतो. 3 मिलिमीटरच्या पुठ्ठ्याचे आठ थर एकावर एक चिकटवलेत. डिंक वाळायला दोन दिवस लागले.