पुष्पकाची खिडकी

विमानाचे आसन निवडताना आज पडद्यावर लहान चौकोनांचा आराखडा उमटतो आणि खिडकी हवी असलेला प्रवासी दोन्ही कडांपैकी एका कडेवर बोट ठेवतो. ही निवड वरवर क्षुल्लक वाटते. परंतु आकाशातून भूमी पाहण्याच्या इच्छेला मोठा इतिहास आहे, आणि आपल्याकडे त्याची सुरुवात यंत्रशाळेत नव्हे, काव्यात झालेली आढळते.

'रघुवंशा'च्या तेराव्या सर्गात लंकेहून अयोध्येकडे परतताना राम सीतेला पुष्पक विमानातून खालची भूमी दाखवतो. रामाच्या मनाप्रमाणे हे विमान कधी देवांच्या, कधी मेघांच्या, तर कधी पक्ष्यांच्या मार्गाने जाते. त्याला खिडकीही आहे. सीता कुतूहलाने तिच्यातून हात बाहेर काढून मेघाला स्पर्श करते, तेव्हा वीज तिच्या हाताभोवती कंकणासारखी झळकते. समुद्र मागे पडताना वनांसह भूमी जणू त्याच्यातून वर येत आहे, असे दिसते. मात्र राम नुसते देखावे दाखवत नाही, तो स्थळे ओळखतो: येथे तुझे नूपुर सापडले, ही पंपा, ही गोदावरी, ही पंचवटी. ही भूमी त्याने पायी तुडवलेली आहे, म्हणूनच ती त्याला वरून वाचता येते.

प्रत्यक्षातील विमान या तीन मार्गांवरून खालून वर गेले. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते छोट्या 'पस मॉथ' विमानातून. नद्या आणि किनारे हेच तेव्हाच्या वैमानिकांचे वाटाडे असत. पुढल्याच वर्षी, ३ एप्रिल १९३३ रोजी, बिहारमधील पूर्णियाहून निघालेली दोन विमाने प्रथमच एव्हरेस्टवरून गेली. प्राणवायूची नळी फुटल्याने त्यांतील एक छायाचित्रकार बेशुद्ध पडला. देवमार्गावरून पाहण्याची ही किंमत होती.

हवेचा दाब राखणारी बंदिस्त केबिन आली आणि तो मार्ग सामान्य प्रवाशाला खुला झाला. पण दाबामुळेच खिडकी हा विमानाच्या कवचातील नाजूक भाग ठरला. १९५२ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या 'कॉमेट' या पहिल्या जेट विमानाच्या खिडक्या चौकोनी वळणाच्या होत्या. १९५४ मधील दोन भीषण अपघातांनंतर विमानाचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर वारंवार दाब देण्यात आला. कवचातील अशा छेदांच्या कोपऱ्यांशी ताण एकवटून धातू थकतो आणि फाटतो, हे त्यातून उघड झाले. आजच्या खिडकीची गोलाई हा त्या शोकांतिकेचा वारसा आहे.

मग निवडावी कोणती बाजू? दिल्लीहून काठमांडूला किंवा बागडोगऱ्याला जाताना डावी, परतताना उजवी. कारण हिमालय उत्तरेला आहे. सकाळी पूर्वेकडे जाताना ऊन बहुधा उजवीकडून येते, त्यामुळे डाव्या बाजूला डोळे दिपत नाहीत. पंखावरच्या आसनातून भूमी झाकली जाते, इंजिनामागून पाहिल्यास तापलेल्या हवेने दृश्य थरथरते. म्हणून पंखाच्या पुढचे आसन उत्तम. या साध्या नियमांना दिशा, ऋतू आणि भूगोल यांचे भान लागते. निघण्यापूर्वी नकाशा उघडणे हा या वाचनाचा पूर्वाभ्यास होय.

२०११ मध्ये सेवेत आलेल्या 'बोइंग ७८७'ची खिडकी आधीच्या जेट विमानांहून बरीच मोठी आहे. पण तिची काच कर्मचारी एका कळीने एकाच वेळी सर्वत्र काळवंडू शकतात, आणि समोरच्या पडद्यात रमलेल्या प्रवाशांची त्याला क्वचितच हरकत असते. पंचवटीवरून आपण आजही उडत जातो. खाली पाहून गोदावरीचे नाव घेणारा सहप्रवासी मात्र दुर्मीळ झाला आहे. ही उणीव यंत्राची नाही. वाचायला शिकवणाऱ्यांनी ती आपली मानायला हवी.