साडेत्रेसष्ट अंशांचा नियम

हा भाग घरात बसून ऐकत असाल तर एक काम करा. खोलीतला दिवा बंद करा. दुपारची वेळ असूनही खोलीत अंधार झाला, तर आजची गोष्ट तुमच्याच घराची आहे.

माझ्या घराची तर आहेच. आमची चाळ पाडली आणि आम्हाला पुनर्वसनाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं. स्वतःचा नळ, स्वतःचा संडास. आई पहिल्या दिवशी आनंदाने रडली. तीन वर्षांनी तिला टीबी झाला. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली आणि विचारलं, "घरात ऊन येतं का?" आईने माझ्याकडे पाहिलं. आमच्या खिडकीतून समोरच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. दुपारी बारा वाजताही आमची ट्यूबलाइट चालू असते.

आता टीबी कुणाकडून आला, हे सांगता येत नाही. पण तो उन्हाचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी वाचत सुटलो आणि थेट १८९६ मध्ये पोचलो.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळ गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. मांडवी म्हणजे बंदराजवळची दाट वस्ती. धान्याची गोदामं आणि माणसांची घरं एकमेकांना चिकटलेली. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता, पण तो पसरतो कसा, हे माहीत नव्हतं. अधिकाऱ्यांचा संशय गेला घाण, अंधार आणि कोंदट हवेवर.

मग काय केलं? घरांना चुना फासला, औषधी पाण्याचे फवारे मारले, ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं काढली. काही घरांवर 'यू.एच.एच.' अशी अक्षरं रंगवली. अर्थ, माणसांना राहायला नालायक. विचार करा, आपल्या दारावर कुणी असं लिहून गेलं तर! पुण्यात तर तपासणीसाठी सैनिक घरात घुसले. त्या संतापातून १८९७ मध्ये रँडचा वध झाला, हे आपण शाळेत शिकलोय.

आणि गंमत बघा. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. त्याचं म्हणणं मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे खरा गुन्हेगार उंदीर-पिसू, आणि आपण पकडलं अंधाराला. आमच्या भाषेत सांगायचं तर रूट कॉज चुकला.

पण जो फिक्स टाकला, तो दुसऱ्याच बगवर लागू पडणारा होता.

१८९८ मध्येच बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा गर्दीच्या वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढला. दादर-माटुंग्याला नव्या वसाहती आखल्या. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एक नियम लावून धरला, साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेघ काढा. समोरची इमारत त्या रेघेच्या आड येता कामा नये. कॅल्क्युलेटर काढला तर सोपं आहे. समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी.

याचा फायदा टीबीला अडवायला होतो. टीबीचा जंतू खोकल्यातून हवेत येतो आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतो. वारा खेळता असेल तर तो विरळ होतो. आणि ऊन त्याला मारतं, हे खुद्द रॉबर्ट कॉकने १८९० मध्येच सांगितलं होतं.

ट्रस्टची आरती ओवाळायची नाहीये मला. त्यांनी गरिबांची घरं भराभर पाडली, बदल्यात पुरेशी बांधली नाहीत. हटवलेली माणसं शेजारच्या चाळींत कोंबली गेली. एका गल्लीतली गर्दी दुसऱ्या गल्लीत गेली, एवढंच. पण नियमामागचा हिशोब बरोबर होता.

पुढे आपणच तो विसरलो. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या अटींत सवलती मिळाल्या. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये सात-आठ मजली इमारतींत जेमतेम ३ मीटरचं अंतर आहे. इमारत २४ मीटर उंच धरली, तर ऑरच्या हिशोबाने १२ मीटर हवं. २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांचं काम समोर आलं. अशा वस्त्यांत, त्यातही ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर टीबी जास्त दिसला. जवळच्याच पीएमजी कॉलनीत, जिथे इमारती लांब लांब आहेत, तो कमी होता. जुन्या कोडमधली एखादी ओळ निरुपयोगी वाटते म्हणून आपण उडवतो, आणि मग कळतं ती कशासाठी होती. इथे फक्त क्रॅश होतं ते माणसाचं फुफ्फुस.

एकदा गोळ्या घेता घेता आई म्हणाली, "अरे, चाळीत खोली एवढीशी होती, पण दार कधी लावलं होतं का आपण?" खरंच. समोर गॅलरी, मागे खिडकी, दिवसभर आरपार वारा. फ्लॅटमध्ये आलो आणि दार बंद ठेवायची सवय लागली. खिडकीला कपाट टेकवलं, पाऊस आला की कपडे आत वाळत घातले, रात्री खिडक्या लावून मच्छरची कॉइल.

इमारती मी लांब सरकवू शकत नाही. कपाट सरकवलं. सकाळ-संध्याकाळ दार आणि खिडकी एकदम उघडी ठेवतो, कॉइलऐवजी मच्छरदाणी लावतो. सहा महिन्यांचा औषधांचा कोर्स पूर्ण करून आई बरी झाली. तिला गोळ्यांनीच बरं केलं, वाऱ्याने नाही, हेही नीट ऐका. घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट आहेत.

आणि तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची मीटिंग असेल, तर कार्पेट एरिया विचाराच. पण अजून एक प्रश्न विचारा, "समोरची इमारत किती मीटरवर आहे?" आमच्या मीटिंगमध्ये तो कुणी विचारला नाही. मी तिथेच बसलो होतो, मोबाइलवर.

भेटू पुढच्या भागात. तोवर खिडकी उघडा.